टोपीवरचे तीन दिवे

५ एप्रिल, रविवार

हेड ट्रॅकर आला. आजपासून रोजनिशी. वैमानिकाला लॉगबुक लागतंच. रोज लिहायचं, न चुकता.

नोंद म्हणून: भाईदास पाटील, वय छप्पन्न, पाटबंधारे खात्यात आरेखक, राहणार देवपूर, धुळे. मनानं वैमानिक. चष्म्यामुळे हुकलं. फॉर्म भरला नव्हता ही गोष्ट वेगळी, पण भरला असता तर चष्म्यामुळेच हुकलं असतं.

दोन वर्षं वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर विमान चालवतोय. गोंदूरच्या धावपट्टीवरून उडायचं, जळगावला उतरायचं. अडचण एकच. पडद्यावर फक्त समोरचं दिसतं. बाजूला बघायचं तर बटण दाबा. खरा वैमानिक बटण दाबतो का? मान वळवतो. म्हणून हे यंत्र. टोपीला लावायचा एक चिमटा, त्यावर तीन बारीक दिवे, आणि मॉनिटरवर ठेवायचा छोटा कॅमेरा. आपण मान वळवली की कॅमेऱ्याला कळतं आणि विमानातली आपली नजर वळते. आठ दिवसांत हात बसेल. म्हणजे मान बसेल.

चिमटा कुठल्याच कॅपवर बसेना. शेवटी वडिलांची पांढरी टोपी काढली. तिच्यावर चपखल बसला. रूपा म्हणाली, मामंजींची टोपी लग्नकार्याला ठेवली होती. बायकोला विमानातलं काय कळतं.

६ एप्रिल, सोमवार

उड्डाण झकास. गोंदूर सोडलं, उजवा पंख बघावा म्हणून मान उजवीकडे वळवली. पंख नक्कीच छान दिसत असणार. पण मॉनिटर राहिला डावीकडे आणि मी बघत होतो भिंतीवरचं कॅलेंडर. चतुर्थी कधी आहे ते कळलं.

पुस्तिकेत लिहिलंय, मान वळवा पण डोळे पडद्यावरच ठेवा. म्हणजे मान एकीकडे, डोळे दुसरीकडे. हे लिहिणाऱ्याला मान आहे की नाही, शंका येते.

८ एप्रिल, बुधवार

यंत्रात दोष आहे. पारोळ्याच्या वर सरळ चाललो होतो. अचानक नजर छताला, मग जमिनीला, मग गरगर गोल. आकाश, शेत, आकाश, शेत. मी टोपी घट्ट धरून बसलो तरी थांबेना. मागं वळलो तर रूपा दिवेलागणीचा दिवा खोलीतून फिरवत होती. कॅमेऱ्याला तिची ज्योत म्हणजेच माझं डोकं वाटलं.

मी म्हणालो, उद्यापासून वरच्या खोलीत दिवा नको. ती म्हणाली, पंचवीस वर्षं दिवा फिरतोय, काल आलेल्या डबड्यासाठी लक्ष्मीला बाहेर ठेवायचं का. वरून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. वाद घातला नाही. वैमानिक शांत असतो.

११ एप्रिल, शनिवार

मळमळ. डोकं गरगरतंय. दुपारचं जेवण बाहेर पडलं. रूपाचं म्हणणं, त्या टोपीमुळे. उगाच. दुपारी शेवभाजी झणझणीत होती, त्यामुळे. पण तीन वेळा वाढून घेतली असल्यामुळे तसं म्हणता आलं नाही.

उद्यापासून रिकाम्या पोटी उडायचं.

१४ एप्रिल, मंगळवार

लोटन नानांचा नरडाण्याहून फोन. नाना म्हणजे माझे चुलतभाऊ, भाऊबंदांत सर्वांत थोरले. आमच्या ममतासाठी जळगावचं स्थळ. मुलगा जितेंद्र, बँकेत आहे, वडील प्रेमराज पाटील. मुलामुलीची बोलणी, भेट वगैरे झाली आहे. ममताला मुलगा पसंत आहे. घोडं एकाच ठिकाणी अडलंय. पाहुण्यांना सून घरात बसणारी पाहिजे. ममता नाशिकच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. पाच वर्षं शिकली. तिनं आईला स्पष्ट सांगितलंय, काम सोडायला लावणार असतील तर मुलगा कितीही चांगला असो, लग्न नाही.

माझंही तेच मत. पोरीनं रात्री जागून अभ्यास केला तेव्हा चहा कोणी करून दिला? रूपानं. पण जागा मीही होतो. तिची नोकरी सुटू देणार नाही. हे मी मनात पक्कं ठरवलं. ममताला मुद्दाम सांगायची गरज नाही. बापाचं मन पोरीला कळतं.

बैठक सव्वीस तारखेला आमच्याकडे. आमच्या घराण्यात मुलीचा बाप बैठकीत तोंड उघडत नाही. बोलायचं ते थोरल्या भावानं. काही विचारायचं झालं तर तो बापाकडे बघतो, बाप मान हलवतो, संपलं. मान हलली की शब्द दिला. वडिलांनी माझ्या तिन्ही बहिणींची लग्नं अशीच मानेवर जमवली, याच टोपीत. त्यामुळे काळजी नाही. उलट मानेचा सराव माझ्याइतका सध्या जिल्ह्यात कोणाचा नसेल.

१७ एप्रिल, शुक्रवार

ममता आली. पंधरा दिवस रजा. आल्याआल्या माझ्याकडे बघून म्हणाली, पप्पा, मान अशी अवघडून का धरलीय. मी म्हणालो, ही मुद्रा आहे. तिनं मागून मानेला दोन बोटं लावली तर माझ्या तोंडून आवाज निघाला. व्यायाम सांगितला. मान सावकाश पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे, दिवसातून तीनदा.

उद्यापासून.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी

अक्षय्य तृतीया म्हणजे पुरणाचे मांडे, आमरस. घरात आनंद. गल्लीतल्या पोरी झोक्यावर. ममता पण बसली, लहानपणी बसायची तशीच, एक चप्पल पडेपर्यंत. रूपा मला म्हणाली, पोरीशी बसून एकदा बोला, बैठकीत काय करणार ते तिला सांगा, ती घाबरली आहे. मी म्हणालो, बोलेन. तेवढ्यात वीज आली. जेवणानंतर तास-दीड तासच गेली होती, पण पाहुण्यांच्या गडबडीत सकाळपासून वर जायला मिळालं नव्हतं.

उद्या नक्की बोलायचं.

२० एप्रिल, सोमवार

हताश. पाळधीच्या पुढे आलो, समोर धावपट्टी दिसायला हवी. दिसेना. डावीकडे बघितलं, नाही. उजवीकडे, नाही. परत डावीकडे. नुसती केळीची हिरवळ. टोपीतून घाम डोळ्यांत. इतक्यात ममता वर आली आणि मागं उभी राहून काहीतरी विचारत होती. कानावर हेडफोन, विमान खाली खाली चाललेलं, मी जोरजोरात इकडेतिकडे मान फिरवत धावपट्टी शोधतोय. विमान केळीत गेलं. वळून बघितलं तर ममता नव्हती.

चहाचं विचारायला आली असणार. चहा काही आला नाही.

२२ एप्रिल, बुधवार

सापडलं. सगळा घोळ सेटिंगचा होता. यंत्रात एक रेष वर ओढली की मान थोडी हलवली तरी नजर खूप वळते. नाकाचं टोक बोटभर सरकलं की थेट शेपटी दिसते. आता मान जवळपास हलवायचीच नाही. फक्त इशारा. डोळे पडद्यावर, नाक जरासं इकडे, नाक जरासं तिकडे. अडाणी माणूस अख्खी मुंडी फिरवतो.

जळगावला उतरलो. दोन वर्षांत पहिल्यांदा चाकांवर. खाली येऊन रूपाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, जळगावला गेलाच होता तर पाहुण्यांना भेटून यायचं.

ममताचा व्यायाम बंद. तो जुन्या पद्धतीचा आहे. सवय बिघडते.

२३ एप्रिल, गुरुवार

ऑफिसला जाताना पांझरेच्या पुलावर मागून रिक्षा हॉर्न मारत होती. मी नाक बोटभर उजवीकडे नेलं. मागचं काही दिसलं नाही. अजून बोटभर. तरी नाही. रिक्षावाला बाजूनं जाताना म्हणाला, काका, मुंडी हलवा की, मान उसनी आणली का. लोकांना तंत्र कळत नाही. आरशाकडे बघायचं सुचलं नाही, हेही खरं.

२५ एप्रिल, शनिवार

नाना नरडाण्याहून आले. सरळ वर आले आणि माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, हाई काय शे रे भाऊ, टोपीवर एरियल लाई बसना? मग खाटेवर टेकले. म्हणाले, पोरनी नोकरीनं काय करानं शे, माले आतेच सांगी दे. मी म्हणालो, नाना, उद्या बैठकीत तुम्ही माझ्याकडे बघा. माझी मान सांगेल. वडील, म्हणजे आबा, असंच म्हणायचे. नानांना ते आवडलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, आबांची आठवण करून दिली.

रूपा परत म्हणाली, ममताशी बोला. ममता दार लावून बसली होती. झोपली असणार. उठवलं नाही.

२६ एप्रिल, रविवार. बैठक

जिंकलो.

तपशीलवार लिहितो, हा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. पाहुणे साडेदहाला आले. प्रेमराजराव भारदस्त, गुडघे दुखतात, खुर्ची मागितली. कूलरसमोर त्यांना बसवलं. मी वडिलांची टोपी घातली. चिमटा काढून. बोलणं नाना आणि प्रेमराजरावांचं. शेती, पाऊसपाणी, गावात कोण कोणाचं, सगळं झालं. मग प्रेमराजराव म्हणाले, आमचं घर भरलेलं आहे, सुनेला काही कमी नाही, तेव्हा पोरीनं लग्नानंतर ती नाशिकची नोकरी सोडून घरीच राहावं, बाहेर काम करायची आमच्याकडे रीत नाही. तुमचं काय म्हणणं आहे.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. दारात ममता उभी होती, तिनंही पाहिलं.

मी मान हलवली. नाही. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. इतकं ठाम ‘नाही’ मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. विमानात असतो तर दोन्ही पंख आणि शेपटी दिसली असती.

नानांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, चला, भाऊनी मान हालाई दिनी. प्रेमराजराव उठले, मला मिठी मारली. पेढे फिरले. सगळे हसत होते. माझ्या एका नकारानं एवढा मोठा भारदस्त माणूस नमला. वडील असते तर.

ममता आत निघून गेली. लाजली.

२७ एप्रिल, सोमवार

रूपा बोलत नाही. डबा दिला, भाजी दिली नाही. ऊन फार आहे, माणसं चिडचिडी होतात. ममता अंगणात फोनवर तासभर. जितेंद्रच असणार. जमतंय दोघांचं. कोणामुळे, हे मी बोलून दाखवत नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

नानांचा फोन. साखरपुड्याची तारीख काढू का विचारलं. मग म्हणाले, पण भाईदास, पोरनी नोकरी सोडाले तू इतला पटकन हो म्हणशी असं माले वाटनं नव्हतं.

मी म्हणालो, मी नाही म्हणालो होतो. नाना म्हणाले, मान तर हालनी. मी म्हणालो, आडवी हालली. नाना म्हणाले, भाऊ, आडवी नै, उभी नै, जराशी थरथरनी. आम्ही म्हटलं, पोरना बाप शे, गळा दाटी उना, हो म्हणी राहिना.

ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभा राहिलो आणि परवा केलं तसंच ‘नाही’ केलं. आरशात काहीच हललं नाही. परत केलं. टोपी नव्हती म्हणून असेल, असं वाटून डोक्यावर रुमाल ठेवून केलं. रुमालही हलला नाही. शिपाई आत आला, त्यानं विचारलं, साहेब, माशी बसली का.

म्हणजे मी माझ्या पोरीची नोकरी घालवली. एका पेढ्यावर. सेटिंगची रेष वर ओढून.

रूपाला सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मी नाही म्हटलं होतं. ती म्हणाली, कोणाला.

२९ एप्रिल, बुधवार

ठरलं. जळगावला जाऊन प्रेमराजरावांसमोर नाही म्हणायचं. यावेळी सगळ्यांना दिसेल असं. रीत म्हणजे रीत, तोंड उघडायचं नाही, पण मान मात्र गाडीच्या वायपरसारखी फिरली पाहिजे. ऑफिसातून रजा. पहाटेपासून आरशासमोर सराव. पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे. जोरात. अजून जोरात.

सकाळी ९. मानेत काहीतरी कट् झालं.

सकाळी ११. मान हलत नाही. कोणत्याही दिशेला. ममतानं बघितलं. तिच्या बॅगेतून पट्टा काढला आणि गळ्याभोवती बांधला. हनुवटीखाली जाड, मऊ, गरम. म्हणाली, आठ दिवस काढायचा नाही, हलवायची तर अजिबात नाही.

तिच्याशी आता बोलावं असं वाटलं. पण काय बोलणार. उद्या काम करून येतो, मग ताठ मानेनं बोलेन. मान तशीही ताठच आहे.

३० एप्रिल, गुरुवार

जळगावला जाऊन आलो. एस.टी.नं. खिडकीची जागा मिळाली, बाहेर बघता आलं नाही. पारोळा, एरंडोल ऐकून ओळखलं. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, अपघात झाला का. मी म्हणालो, विमानाचा. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

प्रेमराजरावांकडे पाणी दिलं, आमरस दिला. पट्ट्यामुळे वाटी तोंडापर्यंत आणावी लागली, अर्धा रस पट्ट्यावर. मग मी मान हलवायचा प्रयत्न केला. कळ मस्तकात गेली. आता तोंडाशिवाय मार्ग नव्हता. घराण्यात कोणी केलं नव्हतं ते केलं. नाही, असं म्हणालो. इतक्या मोठ्यानं की आतून बायका डोकावल्या.

प्रेमराजरावांनी विचारलं, काय नाही. मी एका दमात सांगितलं. ममता काम सोडणार नाही. पाच वर्षं शिकली. रात्री जागली. मी बैठकीतच नाही म्हटलं होतं, पण मान कमी हलली. तुम्हाला मान्य नसेल तर हे लग्न होणार नाही, मग मला कोणी काही म्हणो. एकदाचं बोललो.

प्रेमराजराव म्हणाले, व्याही, ते तर झालं. ममतानं सोमवारीच जितेंद्रला सांगितलं, परवा आमच्याशी फोनवर बोलली. नोकरी सोडणार नाही म्हणाली, स्पष्ट. आम्ही दोन दिवस विचार केला. जितेंद्र हटून बसला. मग ठरलं, नाशिकचं काम आवरून ती इकडेच स्वतःचा दवाखाना काढेल. आम्ही राजी. तुम्ही एवढ्या उन्हात यासाठी आले? पोरीनं घरी सांगितलं नाही का?

मी पट्ट्यावरचा रस पुसत राहिलो. त्यांनी उठून मला गुडघ्याचा व्यायाम करून दाखवला. ममतानंच फोनवर सांगितला म्हणे. दोन दिवसांत फरक आहे. मोजून दहा वेळा केला. मला शेवटपर्यंत बघावं लागलं, मान फिरवता येत नव्हती.

१ मे, शुक्रवार

ममताची नाशिकची बस. रूपा म्हणाली, तुम्ही सोडायला जा. दोन दिवसांनी तिनं माझ्याशी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, म्हणून गेलो.

बसस्टँडवर ममतानं पट्टा जरा सैल करून परत नीट बांधला. मी विचारलं, ठरलं ते मला का नाही सांगितलं. मी जळगावला जाऊन नाही म्हणून आलो.

ती म्हणाली, प्रेमराज काकांचा फोन आला होता रात्री. कळलं. हसली थोडी. मग म्हणाली, पप्पा, मी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी वर आले होते ना. विचारलं होतं तुम्हाला. बैठकीत माझ्या बाजूनं उभे राहाल ना? तुम्ही मागं न बघता मान हलवलीत. नाही. नाही. नाही. तीनदा. मी खाली गेले. आईलाही सांगितलं नाही. म्हटलं, आपलं आपणच बघायचं.

मला सांगायचं होतं. की मी धावपट्टी शोधत होतो. की केळी होती सगळीकडे. हे मनात म्हणून बघितलं आणि तोंडातून काढलं नाही.

एवढंच म्हणालो, मला ऐकू आलं नव्हतं गं.

ती म्हणाली, हो, ते पण नंतर कळलं. हेडफोन होता. आठ दिवस पट्टा ठेवा. काही लागलं तर तोंडानं सांगा.

बसमध्ये बसली. खिडकीची जागा मिळाली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. मी खालून ओरडलो, ममता, पुढच्या वेळी काही असलं तर मला परत विचारशील ना? आजूबाजूची माणसं बघायला लागली. विमान पडलं असतं तरी एवढ्या मोठ्यानं मी ओरडलो नसतो.

तिनं ऐकलं. खिडकीतून मान हलवली. बस वळत होती, उन्हात काच चमकत होती. हो म्हणाली की नाही, ते मला नीट दिसलं नाही.